कंसातले निवृत्त

पाटी रंगवणाऱ्या पोराची तशी काही चूक नव्हती. कागदावर लिहून दिलेलं एकही अक्षर त्याने गाळलं नव्हतं, फक्त थोडं मागंपुढं केलं होतं. ‘निवृत्त कर्नल’ असं वर ठळक अक्षरांत, खाली नाव, आणि कोपरा मोकळा दिसला म्हणून हौसेने एक फूल. हे फूल नक्की कुठलं, याची चौकशी करायला पुढे दोन पक्षांची माणसं येऊन गेली, पण ती नंतरची गोष्ट. त्या सकाळी कर्नलसाहेब हात मागे बांधून पाटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “रँक कधी निवृत्त होत नाही. माणूस निवृत्त होतो. ‘निवृत्त’ हे नावाच्या नंतर. कंसात.”

“कंस म्हंजे सायेब, मामा?” पोराने विचारलं.

पाटी दुसऱ्यांदा रंगवून झाली. कशेळ्याच्या नाक्यावरून खांडसच्या रस्त्याला लागलात की ती दिसते. फाटकाच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढे दगड, एक गेरूचा, एक चुन्याचा, असे ओळीने उभे आहेत. आमच्याकडच्या पावसात चुना आषाढातच धुऊन जातो आणि दसऱ्याला पुन्हा लागतो. मधल्या तीन महिन्यांत त्या बंगल्याला थोडी नागरी कळा येते, तेवढीच.

मी स्वतः हायस्कुलात अडतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो. मला कंस मिळाला नाही. नाक्यावर अजून ‘गुरुजी’ म्हणतात ते सवयीने. कर्नलसाहेब मात्र मला ‘मास्टरजी’ म्हणतात. तीस वर्षं पलटणीत हिंदी बोलून त्यांच्या मराठीला एक कडक इस्त्री बसली आहे. ‘हे ढिलं काम चालणार नाही’, ‘मला रिपोर्ट करा’, ‘मामला गंभीर आहे’ असं ते दूधवाल्याशीही बोलतात. दूधवाला ‘व्हय सायेब’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तितकंच पाणी घालतो.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. मुंबई आणि पुणे या दोन्हींपासून गाडीने जेवणाच्या वेळेपर्यंत पोचता येतं म्हणून कर्जत-खालापुरात फार्महाउसं उगवली, आणि फार्महाउसांमधून निवृत्त अधिकारी उगवले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे भाताचे वाण काढले, तसे या अधिकाऱ्यांचेही वाण पाडता येतील. हळवा आणि निमगरवा मी सोडून दिलेत. हा जो आहे तो गरवा, उशिरा तयार होणारा, लोंबी उभी ठेवणारा वाण. तिघाचौघांना एकत्र मळून मी त्यांचा एक कर्नल केला आहे. वाचून ज्यांना राग येईल, ते तेच.

राजकारणात यायचं त्यांच्या डोक्यात कधी आलं ते सांगणं अवघड, पण कशामुळे आलं ते मला माहीत आहे. ‘बघू’ या शब्दामुळे.

झालं असं, की रस्त्यावरच्या एका खड्ड्याबद्दल त्यांनी एका कचेरीत अर्ज दिला. तिथल्या माणसाने अर्ज वाचला, मान हलवली आणि म्हणाला, “बघू.” कर्नलसाहेबांनी डायरी काढली. ही डायरी म्हणजे त्यांचं दुसरं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर. तिच्यात पट्टीने आखलेले चार रकाने असतात: काय, कोण, कुठे, केव्हा. पहिले तीन भरले. चौथ्यावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, “केव्हा?” तो माणूस भला होता, म्हणाला, “बघू ना साहेब.” कर्नलसाहेब तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं, हा आता घड्याळ बघणार, पंचांग बघणार, निदान खड्डा तरी बघणार. मराठीत ‘बघू’ म्हणजे डोळ्यांचं काम संपलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तीस वर्षं ते ‘येस सर’च्या राज्यात राहिले होते. तिथे ‘येस सर’ म्हणजे काम झालं. इथे ‘व्हय सायेब’ म्हणजे ऐकू आलं. या दोन वाक्यांमधलं अंतर कशेळे ते कर्जत एवढं असतं, तर त्यांनी ते पहाटेच्या फिरण्यात कापलं असतं.

मग त्यांनी ठरवलं, की दोष या कचेरीत नाही, वर आहे. फौजी माणसाला दोष नेहमी वरच्या मुख्यालयात दिसतो. आता वर म्हणजे किती वर? मी सुचवलं, ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शर्टाची बटणं चाचपली.

“मास्टरजी, ग्रामपंचायत म्हणजे प्लाटून. जिल्हा परिषद म्हणजे कंपनी. आमदारकी म्हणजे बटालियन. बटालियन मी कमांड करून आलोय. पुढची बढती ब्रिगेड.”

“म्हणजे?”

“लोकसभा.”

आतून वहिनींचा आवाज आला, “ब्रिगेडची बढती हुकली तेव्हापासून चाललंय हे.” वहिनींनी बावीस बदल्यांत बावीस घरं लावली आणि उतरवली आहेत. त्या कुठल्याही सामानाकडे, आणि कुठल्याही माणसाकडे, हे खोक्यात मावेल का अशा नजरेने बघतात.

एक गोष्ट कर्नलसाहेबांच्या बाजूने सांगायला हवी. नोकरीत असताना सैनिकाला राजकीय सभेला नुसतं हजर राहायलाही बंदी असते. राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने संसदेला तसे निर्बंध घालायचा अधिकार दिला आहे आणि लष्कराच्या नियमांत ते घातलेले आहेत. म्हणजे ज्या वयात आपण सगळे नाक्यावर उभे राहून फुकटात राजकारण खातो, त्या वयात हा माणूस कडक पथ्यावर होता. निवृत्तीला पथ्य सुटलं. पथ्य सुटलेला माणूस वरण-भाताने सुरुवात करत नाही.

त्यांनी एक फाइल केली. वर लिहिलं, ‘दाखले’. या फाइलमुळे मला अशा बऱ्याच गोष्टी कळल्या ज्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हत्या. पहिलं पान जनरल करिअप्पांचं. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख १९७१ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ईशान्य मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभे राहिले, आणि त्यांना पाठिंबा होता शिवसेनेचा. जी संघटना दाक्षिणात्यांच्या विरोधात आरोळी देऊन पाच वर्षांपूर्वी जन्मली, तिने कोडगूच्या माणसासाठी मतं मागितली. मुंबईकरांनी दोघांनाही नम्रपणे नाही म्हटलं. “शिस्तीला मतं मिळत नाहीत,” असा शेरा समासात लाल शाईने होता. त्याखाली वहिनींच्या अक्षरात: “शिकलात ना? मग बंद करा.”

पण दुसरं पान उमेदीचं होतं. १९९१. राजापूर. आज ज्यांना आपण ब्रिगेडियर सुधीर सावंत म्हणून ओळखतो, त्यांनी तिथे काँग्रेसकडून उभं राहून मधू दंडवत्यांना हरवलं. दंडवते तिथून सलग पाच वेळा निवडून आलेले, रेल्वेमंत्री झालेले, अर्थमंत्री झालेले, कोकण रेल्वेसाठी आयुष्य घासलेले. कोकणाने त्यांना बाजूला ठेवून फौजी माणूस दिल्लीला पाठवला. “कोकण, मास्टरजी! आपलं कोकण!” कर्नलसाहेब मूळचे घाटावरचे, साताऱ्याचे; कोकण त्यांचं झालं ते सातबारा झाल्यापासून. मी म्हटलं, पुढच्याच निवडणुकीत, १९९६ला, तीच जागा सुरेश प्रभूंकडे गेली. चार्टर्ड अकाउंटंट. तो दाखला फाइलीत नव्हता.

मग उत्तराखंडचे मेजर जनरल खंडुरी. त्यांचा पक्ष २०१२ साली ‘खंडूरी है जरूरी’ म्हणत प्रचाराला निघाला, ३१ जागांपर्यंत पोचला, विरोधकांना ३२ मिळाल्या, आणि ज्यांच्यामुळे सगळं जरुरी होतं ते मुख्यमंत्री स्वतः कोटद्वारला पडले. जनरल व्ही. के. सिंग २०१२च्या मे महिन्यात लष्करप्रमुखपदावरून उतरले आणि २०१४च्या मे महिन्यात गाझियाबादेतून साडेपाच लाखांवर मताधिक्य घेऊन मंत्री झाले. हे पान फाइलीत दोनदा होतं. पण मला स्वतःला आवडलं ते पतियाळाचं, २०१७चं. कॅप्टन अमरिंदर सिंग यांच्यासमोर माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग उभे राहिले आणि जनरलांचं डिपॉझिट गेलं. कॅप्टनने जनरलला झोपवलं! फौजेत हे कोर्टमार्शलचं प्रकरण झालं असतं. कर्नलसाहेबांनी त्या पानावर काहीच शेरा लिहिला नव्हता. नुसतंच एक उद्गारचिन्ह, तेही पेन्सिलीने.

सगळ्यात ताजं पान दक्षिण गोव्याचं. नौदलाचे निवृत्त कॅप्टन विरियातो फर्नांडिस २०२४ला काँग्रेसकडून तेरा हजारांवर मतांनी निवडून आले. “नौदलातला कॅप्टन म्हणजे आपला कर्नल,” त्यांनी मला समजावलं. “रँक तीच.” म्हणजे लोकसभेत या रँकची एक जागा भरलेली असून दुसरी रिकामी आहे, असा त्यांचा हिशेब झाला.

आता मतदारसंघ. कर्जत २००९पासून मावळ लोकसभेत आहे, आणि मावळ हा मतदारसंघ ज्याने आखला त्याने बहुतेक घाट कधी चढला नसावा. निम्मा वर, निम्मा खाली. वर मावळ, चिंचवड, पिंपरी. खाली पनवेल, उरण आणि आमचं कर्जत-खालापूर. चिंचवडच्या सोसायटीतला संगणकवाला आणि खांडसचा ठाकर एकाच खासदाराला मत देतात आणि दोघांनाही तो दिसत नाही, या बाबतीत मतदारसंघ एकसंध आहे. पंचवीस लाखांवर मतदार. २०१९ला इथे खुद्द पवार घराण्यातला उमेदवार दोन लाखांहून जास्त मतांनी पडला होता. हे सगळं कर्नलसाहेबांनी अंगणात वाळूचा नकाशा करून मांडलं. फौजेत त्याला सँड मॉडेल म्हणतात. वाळू पेज नदीची. निळ्या दोऱ्याची नदी, चुन्याची रेल्वे, कोळशाच्या तुकड्यांचा सह्याद्री. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघराला एक काडेपेटी आणि उरणच्या बंदराला वहिनींची साबणदाणी.

“शत्रू इथे,” छडी पिंपरीवर टेकवून ते म्हणाले.

“शत्रू?”

“म्हणजे मतदार.”

मग त्यांनी उंबरखिंड काढली. इथे मला बोलावंच लागलं, कारण उंबरखिंड माझी आहे. खालापूर तालुक्यातली, आणि अडतीस वर्षं दर फेब्रुवारीला मी ती पोरांना शिकवली आहे. १६६१. कारतलबखान मोठी फौज घेऊन घाटावरून खाली उतरला, रानात अडकला, वरून आणि पुढून शिवाजीराजांची माणसं. शेवटी हत्यारं, सामान टाकून शरण गेला तेव्हा सुटला.

“यातून धडा काय?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“घाटावरून खाली येणाऱ्याने इथल्या रानात जपून शिरावं,” मी म्हटलं.

ते बराच वेळ वाळूकडे बघत राहिले. सातारा त्यांच्या नकाशात नव्हता.

त्यांची पहिली सभा मी कधी विसरणार नाही. नाक्यावर फळा लावला: ‘जाहीर सभा. वेळ: १७३०.’ मी इतिहासाचा मास्तर, मला वाटलं शनिवारवाड्याच्या पायाभरणीबद्दल काही असावं, कारण साल तेच. बाकीच्यांना वाटलं वर्गणी. १७३० रुपये मागणारा माणूस म्हणून त्या संध्याकाळी लोक दुसऱ्या रस्त्याने घरी गेले. साडेपाचला सभा सुरू झाली. सहाला संपली. श्रोते सातला आले. तोवर कर्नलसाहेबांनी संपूर्ण भाषण मला, माइकवाल्याला आणि स्वतःच्या कुत्र्याला दिलेलं होतं, आणि कुत्रा शेवटपर्यंत बसला होता.

दुसरी सभा २६ जुलैला, कारगिल विजय दिवस म्हणून. आता २६ जुलै म्हटलं की सगळ्या देशाला १९९९ आठवत असेल. उल्हास नदीच्या काठच्या माणसाला २००५ आठवतं. शिवाय आवणीचे दिवस. माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली. कर्नलसाहेब टोलोलिंगचा चढ सांगत होते आणि मागच्या बाकावरचे दोघं आभाळाकडे बघून पेजेचं पाणी कुठवर आलं असेल याचा अंदाज घेत होते. बर्फाचं वर्णन फार चांगलं झालं. पण ज्या गावाला पुराचा इशारा कळायचा असतो त्याला बर्फाचा काय उपयोग?

खरी अडचण भाषेची झाली. म्हणजे इस्त्रीची नव्हे, अर्थाची. आपल्या राजकारणाने फौजेची सगळी शब्दसंपत्ती उचलून आणली आहे. वर्तमानपत्र उघडा: रणशिंग फुंकलं, बालेकिल्ला ढासळला, आघाडी, पिछाडी, रसद तोडली, शिलेदार, मोर्चेबांधणी. कर्नलसाहेबांना वाटलं, आपल्याच मुलखात आलो. शब्द तेच होते. आत माल दुसरा होता.

फौजेत मोर्चा म्हणजे खंदक, चौकी. मोर्चा सांभाळायचा म्हणजे जीव गेला तरी जागा सोडायची नाही. आमच्याकडे मोर्चा म्हणजे निघायचं. रेशनच्या तांदळासाठी बायकांनी कर्जतच्या तहसीलवर मोर्चा काढायचं ठरवलं. पुढारीपण कर्नलसाहेबांकडे. “मोर्चा मजबूत करा!” असा त्यांनी हुकूम दिला आणि दीडशे बायकांना नाक्यावरच गोलात बसवून घेतलं, चार कोपऱ्यांना चार संत्री. तासाभराने एकीने विचारलं, “सायेब, जायाचा कवा?” ते म्हणाले, “कुठे?”

बंडखोर हा शब्द तर त्यांना अजून पचलेला नाही. आर्मी अ‍ॅक्टमध्ये बंडाला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. इथे तिकीट न मिळालेला एक इसम बंड करून उठला, आठ दिवसांनी त्याचं बंड ‘थंड’ झालं आणि दोन महिन्यांनी त्याला महामंडळ मिळालं. “बंडखोराला महामंडळ?” कर्नलसाहेबांचा आवाज चिरकला. मी म्हटलं, शिक्षाच आहे ती. महामंडळ तोट्यात आहे.

लोकसभेच्या कामकाजाचे नियम त्यांनी मागवून पाठ केले, ड्रिलच्या पुस्तकासारखे. प्रश्नोत्तराचा तास अकराला, त्यानंतर शून्य प्रहर. “झीरो अवर!” त्यांचे डोळे चमकले, फौजेत हल्ल्याच्या क्षणाला तेच नाव होतं. इथल्या शून्य प्रहरात हल्ला होतो तो एकाच वेळी दोन्ही बाजूंनी आणि जागेवरून न हलता, हे त्यांना दूरदर्शनवर बघितल्यावर कळलं. डिव्हिजनचं मात्र त्यांना मनापासून कौतुक वाटलं. फौजेत डिव्हिजन हाताखाली यायला मेजर जनरल व्हावं लागतं. लोकसभेत एखाद्या सदस्याने उठून मागितली तरी मिळू शकते; घंटा वाजते, दारं बंद होतात, मतं मोजतात. आणि मार्शल! फौजेत त्याच्यावर कुणी नाही; करिअप्पांनाही तो हुद्दा मिळायला ऐंशी ओलांडावी लागली. सभागृहात मार्शल दाराशी उभा असतो आणि गोंधळ घालणाऱ्याला उचलून बाहेर ठेवतो. “त्यापेक्षा तीच नोकरी घ्या ना,” वहिनी म्हणाल्या. “शिस्तही लागेल आणि निवडूनही यावं लागणार नाही.”

व्हीपचं मी त्यांना सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर व्हीप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. खासगी विधेयक स्वतः मांडीन म्हणाल, तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं शेवटचं खासगी विधेयक १९७०मधलं आहे. म्हणजे पंचवीस लाखांतून निवडून जायचं, दिल्लीत बंगला घ्यायचा, आणि पक्षाचा प्रतोद सांगेल तेव्हा हात वर करायचा. कर्नलसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे सेकंड लेफ्टनंट.” पण त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. उलट कुठे तरी ओळखीचा वास आल्यासारखा झाला होता. हुकूम मिळणार, हे ऐकून बरं वाटलेला असा उमेदवार मी दुसरा पाहिला नाही.

तिकिटाची मुलाखत. पक्षाचं नाव नको, कारण कुठलाही घातलात तरी मजकूर तोच राहील. वेळ सकाळी अकराची. आम्ही दहा पंचावन्नला हजर. नेते आले तीनला. या चार तासांत कर्नलसाहेब खुर्चीला पाठ न टेकवता बसले होते, आणि बाकीचे इच्छुक आत-बाहेर करत, चहा पीत, कोणाच्या तरी कानाला लागत, हळूहळू दाराच्या जवळ सरकत होते. वाट बघणं आणि वाट काढणं यातला फरक मला त्या दिवशी समजला.

आत एक तिशीतला मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला होता.

“सर, समाज कुठला?”

“मराठा लाइट इन्फंट्री.”

“म्हणजे मराठा.”

“नाही. पलटणीत सगळे असतात. सगळ्यांनाच मराठा म्हणतात.”

मुलाने काहीतरी टाइप केलं, पुसलं. “बरं. बूथ किती आहेत आपल्याकडे?”

“बूट? दोन जोड. एक परेडचा.”

खर्चाचं विचारलं तेव्हा कर्नलसाहेबांनी कायदा सांगितला: लोकसभेच्या उमेदवाराला पंच्याण्णव लाखांची मर्यादा आहे. मुलगा अतिशय सभ्य होता. तो हसला नाही, फक्त त्याने लॅपटॉप हळूच मिटला. निघताना नेते दारात भेटले. त्यांनी कर्नलसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला, तुमच्यासारख्या माणसांची देशाला गरज आहे म्हणाले, आणि मागे उभ्या माणसाकडे बघत म्हणाले, “बघू.”

परतीच्या वाटेवर खोपोलीपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “अपक्ष.” अपक्षाला दहा प्रस्तावक लागतात. दहा मिळाले, कारण कॅन्टीन. कुठल्याही फौजीचं खरं जनमत त्याच्या कॅन्टीनच्या कार्डावर असतं. ‘सायेब, जाताय ना कॅन्टीनला?’ असं विचारणारे दहाच काय, चाळीस जण उभे राहिले असते. पंचवीस हजारांचं डिपॉझिट वहिनींनी द्यायचं नाकारलं. सहावा हिस्सा मतं पडली नाहीत तर पैसे बुडतात, हे वाचून त्या म्हणाल्या, “हा कसला डिपॉझिट? याच्यापेक्षा पोस्टात ठेवा.” मग चिन्हाचा प्रश्न. कर्नलसाहेबांना बिगुल हवा होता. सकाळी उठवणारा, रात्री निजवणारा. मी त्यांना २०२४ची गंमत सांगितली. एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांच्या यादीत नुसती पिपाणी. दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाला लाखावर मतं पडली, साताऱ्यात सदतीस हजारांवर, आणि साताऱ्यात तुतारीवाला हरला तो त्याहून कमी फरकाने. “म्हणजे ज्याला कुणी ओळखत नाही त्याला चुकून लाख मतं?” त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. “आणि मला सगळे ओळखतात.” म्हटलं, तीच अडचण आहे.

तेवढ्यात फ्लेक्स आला होता. छापणाऱ्याने उत्साहाने मागे दोन रणगाडे आणि एक लढाऊ विमान घातलं होतं, इन्फंट्रीच्या माणसामागे. वर्दीतला फोटो वापरता येईल की नाही यावर दोन दिवस खल झाला. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने पक्षांना २०१३ला आणि पुन्हा २०१९ला बजावलं होतं. पण स्वतःचाच फोटो? शेवटी जाकीट घालून नवा काढला. आणि नावाआधी छापलं होतं ‘कर्णल’. पाटीवर कंस, फ्लेक्सवर कर्ण. महाभारतात यांचं पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

अर्ज भरला गेला नाही. आदल्या संध्याकाळी एक मोठी गाडी फाटकासमोर थांबली, लॅपटॉपवाला मुलगा उतरला, आणि तासाभरात कर्नलसाहेब माजी सैनिक आघाडीचे जिल्हा उपाध्यक्ष झाले. हार पडला, फोटो निघाला. माझ्या पाहण्यात ते पहिल्यांदाच स्वतःपेक्षा निम्म्या वयाच्या माणसाला ‘येस सर’ म्हणाले, आणि म्हणताना त्यांची पाठ जितकी ताठ होती तितकी मी पूर्वी कधी बघितली नव्हती. सगळ्या पदांची उतरंड त्यांनी दुसऱ्या दिवशी तक्त्यावर काढून भिंतीला लावली. वर कोण, खाली कोण, मध्ये आपण. वर्षभरात माणूस पहिल्यांदा नीट झोपला, असं वहिनी म्हणाल्या.

परवा, चैत्र संपता संपता, मी त्यांच्याकडे बसलो होतो. वरच्या ठाकूरवाडीच्या सहासात बायका रिकामे हंडे घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. पेज खाली बारा महिने वाहते. टाटांच्या वीजघराचं सुटलेलं पाणी तिच्यात येतं, राजनाल्याने उन्हाळी भाताला जातं, आणि डोंगरावरच्या वाड्यांत एप्रिलपासून घसा कोरडा. टँकर चार दिवस आला नव्हता. मागच्या वर्षी असं झालं तेव्हा कर्नलसाहेबांनी स्वतःच्या जीपला टाकी जोडून तीन फेऱ्या मारल्या होत्या. या वेळी त्यांनी डायरी काढली. काय: पाणी. कोण: टँकरवाला. त्याचं नाव बायकांनी सांगितलं तसा पेनचा वेग जरा कमी झाला. ते नाव भिंतीवरच्या तक्त्यात वरून तिसऱ्या ओळीत होतं. कुठे: ठाकूरवाडी.

त्यांनी फोन लावला. पलीकडे कुणीतरी बरंच बोललं. ते तीनदा ‘येस सर’ म्हणाले, फोन ठेवला आणि चष्मा पुसला.

“कवा येल सायेब?” पुढच्या बाईने विचारलं.

कर्नलसाहेब डायरीच्या चौथ्या रकान्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात, ओळीवर, दोन अक्षरं लिहिली.

“काय लिवलाव?”

त्यांनी डायरी मिटली. आत वहिनी गाडीची किल्ली शोधत होत्या.